अडचण

“म्हणजे तुम्हाला पटतंय ना आमचं म्हणणं, सुभद्राताई?” सबनीसबाईंनी चौथ्यांदा विचारलं आणि मी चौथ्यांदा माळेचा मणी पुढे सरकवला.

नवरात्रात माझं सकाळचं मौन असतं. उठल्यापासून अकरा माळा पुऱ्या होईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. हे सगळ्या कॉलनीला ठाऊक होतं. दूधवालासुद्धा ते नऊ दिवस मुकाट्यानं पिशवी ठेवून जायचा. पण सबनीसबाई मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, शिवाय महिला मंडळाच्या अध्यक्ष. समोरच्यानं गप्प असणं त्यांना सोयीचंच वाटायचं.

“राग मानू नका हं,” त्या म्हणाल्या. “तुम्ही स्वतः किती चांगल्या आहात! उपासतापास, नेमधर्म. आमच्या घरात नसेल इतकं तुमच्याकडे. प्रश्न तुमचा नाहीच. प्रश्न समाजाचा आहे.”

“समाजाचा,” शेजारी बसलेल्या शैलाताई म्हणाल्या.

“कालचा पेपर तुम्ही वाचलाच असेल. मागच्या वसाहतीत दोन घरं फोडली. पकडला तो पवार निघाला. आता पवार काय, कुणीही असतात. पण हा तुमच्यातला. देवीच्या अंगावर दागिने आहेत. अष्टमीला दिवसभर गाभाऱ्यात बसणार तुम्ही. उद्या काही इकडचं तिकडे झालं, तर लोक तुम्हालाच बोलतील. मी तुमच्याच भल्याचं सांगतेय.”

मी मणी ओढला.

“तर अष्टमीची पाळी तुम्ही आपण होऊन सोडताय, असं आम्ही धरून चालतो.”

मी मान हलवली. चांगली आडवी, दोनदा.

“वाईट वाटणारच हो,” सबनीसबाई कळवळून म्हणाल्या आणि उठल्या. जाताना शैलाताईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, मग काहीतरी आठवल्यासारखा चटकन काढून घेतला.

अकराव्या माळेला अजून सहा मणी बाकी होते. मी ते ओढले. घाईत ओढले, हे कबूल करते.

पावणेनऊला वीज मंडळाच्या कार्यालयात निघाले तेव्हा वाटेत देऊळ लागलं. कार्यालयात मी तक्रारींच्या खिडकीवर बसत असे. लोकांचं ऐकून घ्यायचा मला सराव होता. देवळाच्या भिंतीवर काळा फळा होता. त्यावर नऊ दिवसांच्या पाळ्या लिहिलेल्या असत. पहिल्या माळेपासून विजयादशमीपर्यंत देवीसमोरचा नंदादीप विझू द्यायचा नाही, म्हणून रोज एका घरानं तेल घालायचं, वात सारायची, बसून राहायचं. कॉलनीत घरं बावीस. पाळी घरांच्या ओळीनं. देऊळ बांधलं त्या वर्षी एक ते नऊ झाली. हे दुसरं वर्ष, दहापासून सुरुवात. आमचं घर सतरावं. बरोबर अष्टमी.

फळ्यावर शैलाताईंच्या गोलगोल, सुबक अक्षरात लिहिलं होतं: ‘अष्टमी – पवार – रद्द.’

मी ते दोनदा वाचलं. मग शैलाताईंच्या घरावरची पाटी आठवली आणि मला भर रस्त्यात हसू आलं. पाच नंबरचं घर. ‘श्री. बाजीराव य. पवार.’

त्याच्या दोन वर्षं आधी आम्ही राहायला आलो, तेव्हा सगळ्यात आधी चौकशीला आल्या त्या शैलाताईच. “कुठले पवार तुम्ही?” त्यांनी विचारलं. “आष्टीकडचे,” मी म्हणाले. “अगबाई! आमचं आजोळ तिकडचंच!” त्या म्हणाल्या, आणि पुढचं सगळं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं. दोन वर्षं मी त्यांची ‘आडनावबहीण’ होते. मी खोटं बोलले नव्हते. मला कुणी दुसरा प्रश्न विचारला नव्हता, इतकंच.

मग त्या नवरात्रात दुसऱ्या माळेला संध्याकाळी आई आली. गावाबाहेरच्या आमच्या वस्तीवरून, डोक्यावर बोचकं घेऊन, सहावारी लुगडं, हातभर गोंदण. फाटकातूनच तिनं मला आमच्या बोलीत हाक मारली. गेटवर फुलं घेत उभ्या असलेल्या शैलाताईंनी विचारलं, “ही कुठली भाषा म्हणायची?”

“पारध्यांची,” मी म्हणाले. “माझी आई आहे.”

शैलाताई हसल्या. फुलं घेऊन गेल्या. चौथ्या माळेला पेपरात ठळक मथळा आला, ‘घरफोड्या करणारी पारधी टोळी जेरबंद’, खाली नाव एकच, आणि पाचव्या माळेला सकाळी सव्वासातला दोघी माझ्या माळेसमोर हजर.

त्या पेपराच्या त्याच पानावर एका बँकेच्या व्यवस्थापकाला अफरातफरीत अटक झाल्याची बातमी होती. त्याचं नाव होतं, वय होतं, हुद्दा होता. तो कुणातला, हे लिहायचं राहून गेलं होतं.

पाळी गेली तर काय एवढं, असं माझ्या नवऱ्यालाही वाटायचं. पण ते एवढं होतं. आमच्या घरची देवी चांदीची, वीतभर उंच, कापडात गुंडाळून पेटीत ठेवलेली. बायकांनी तिला शिवायचं नाही. माझ्या वडिलांनी ती मला दहा पावलांवरून दाखवली. लहानपणी एकदा मी पुढे झाले तर थोबाडीत बसली होती. आईनं साठ वर्षं त्या देवीचे उपास केले आणि तिच्या पायांना कधी बोट लावलं नाही. इथल्या देवळात मात्र बायकाच दिवा सांभाळायच्या. फळ्यावर आडनाव आलं त्या दिवशी मी आईला निरोप धाडला होता: नवरात्राला ये, अष्टमीला मी देवीजवळ बसणार आहे. तू पण बस.

संध्याकाळी घरी पोचले तर आमच्या ओसरीवर सभा भरली होती. शैलाताईंचे डोळे रडून सुजलेले. सबनीसबाई पदरानं वारा घेत होत्या. माझे यजमान जालिंदर एसटी डेपोतून नुकतेच आलेले, ग्रीसचे हात तसेच घेऊन दारात उभे. आई आत तांदूळ निवडत होती.

“सुभद्राताई, घोटाळा झालाय,” सबनीसबाई म्हणाल्या.

“घोटाळा?” शैलाताई उसळल्या. “अब्रू गेली माझी! सकाळपासून आठ जणांनी विचारलं, पवारवहिनी, देवीनं तुमची पाळी का काढून घेतली? किराणावाल्यानं विचारलं! आणि इंदापूरहून फोन. आमच्या पल्लवीला बघून गेलेत ना, त्या मोहितेबाईंचा. त्यांची बहीण इथे असते, तिनं फळा वाचला. ‘काय हो, कानावर आलं ते खरं का?’ अष्टमीला ओटी भरायला येणार आहेत त्या, त्याच देवळात!”

“पण लिहिलं कोणी?” मी हळूच विचारलं. “अक्षर छान होतं.”

शैलाताईंनी पदरानं नाक पुसलं.

“मग दुरुस्त करून टाका,” जालिंदर म्हणाले. “कुठले पवार ते लिहा.”

“हेच तर!” सबनीसबाई पुढे झुकल्या आणि आवाज खाली आणला. “कसं लिहायचं? पाच नंबरचे नाहीत असं लिहिलं तर सतराचे कोण, ते विचारतील. कारण लिहायचं तर...” त्यांनी हातानं हवेत काहीतरी पुसलं. “ते लेखी लिहिता येत नाही. कायदा आहे.”

“तोंडी चालतं,” मी म्हणाले.

“अहो, तोंडी वेगळं!” त्या मनापासून म्हणाल्या. “म्हणून आम्ही विचार केला. तुम्हीच दोन ओळी लिहून द्या. मी, सौ. सुभद्रा जालिंदर पवार, घर नंबर सतरा, अडचणीमुळे अष्टमीची पाळी स्वखुशीनं सोडत आहे. कागद फळ्याला चिकटवू. प्रश्नच मिटला.”

त्यांनी कागदही आणला होता. रेघांचा. पेनसुद्धा.

“अडचणीमुळे,” मी म्हणाले.

“बायकांना कळतं ते. कुणी पुढचं विचारत नाही.” सबनीसबाई समजूतदार हसल्या.

खरंच, बायकांना कळतं. महिन्याचे चार दिवस आपल्याकडे त्याच एका शब्दात बसवलेले आहेत. देवीच्या फळ्यावर मी बाहेरची बसले असं खोटं लिहून द्यायचं, ते माझ्याच सहीनं. आणि देवीनं ते वाचायचं नाही.

“सबनीसबाई,” मी म्हणाले, “माझी अडचण गेल्या आठवड्यात येऊन गेली. आता आलीय ती तुमची. तुम्ही लिहा ना.”

जालिंदर खाकरले. “सुभद्रा, अगं, एक दिवसाचा प्रश्न आहे. सही करून टाक. आपल्याला इथंच राहायचंय.”

“म्हणून तर,” मी म्हणाले.

ते आत गेले. हात धुवायचा आवाज बराच वेळ येत राहिला. बारा वर्षं डेपोत ते नुसते ‘पवार मेकॅनिक’ होते. त्यांची भीती मला कळत होती. पण ती कळली म्हणून मला ती घेता येईना.

सबनीसबाईंनी खुर्ची जवळ ओढली. “हे बघा, मी एक मधला मार्ग काढते. पाळी तुमचीच ठेवू. तुमच्याबद्दल कुणाची तक्रारच नाही. तुम्ही फक्त आरतीच्या वेळी, चार बायकांसमोर, देवीवर हात ठेवून एवढं म्हणा, की त्या लोकांशी माझा संबंध नाही, जे झालं त्याची मला लाज वाटते. सगळ्यांची मनं स्वच्छ होतील. आणि...” त्यांनी आतल्या दाराकडे पाहिलं. “त्या दिवशी आजींना देवळात नको आणायला. वयही झालंय त्यांचं.”

आत तांदूळ निवडण्याचा आवाज थांबला.

“किती लोकांशी संबंध नाही म्हणू?” मी विचारलं.

“म्हणजे?”

“यादी द्या ना. तो पेपरातला पवार, त्याला मी ओळखत नाही. तो सोपा आहे. त्याचा चुलता? माझा मावसभाऊ तलाठी आहे, त्याच्याशी ठेवू का संबंध? का तोही त्याच ढिगात? आणि लाज कुठल्या सालापासूनची वाटून घेऊ?”

“तुम्ही वेडंवाकडं घेताय. आम्ही तुम्हाला त्यातल्या समजतच नाही!”

“ते दिसलं मला.” माझा आवाज काही चढत नाही, घरचे म्हणतात, तू भांडताना पोथी वाचल्यासारखी वाटतेस. “बाई, त्यानं चोरी केली असेल तर त्याला शिक्षा व्हावी. मी केलेली नाही, म्हणून मला लाज वाटत नाही. आणि मी त्यातलीच आहे, म्हणून संबंध नाही असं म्हणता येत नाही. देवीवर हात ठेवून तर नाहीच.”

“मग आमच्या पल्लवीचं काय?” शैलाताई रडवेल्या झाल्या.

त्यांचं बाकी खरं होतं. फळ्यावर ‘रद्द’ राहिलं तर त्यांची अब्रू जाणार. कारण लिहिलं तर सबनीसबाईंवर पोलिसकेस होणार. सही मी देणार नाही. शेवटी शैलाताई ताडकन उठल्या, चपला घातल्या, आणि देवळाकडे निघाल्या. दुसऱ्या दिवशी फळ्यावर ‘रद्द’ नव्हतं. ‘अष्टमी – पवार’ एवढंच होतं, नव्या खडूनं, आधीपेक्षा मोठ्या अक्षरात. माझी पाळी मला मिळाली ती कुणाच्या न्यायबुद्धीनं नाही, बाजीराव य. पवारांच्या आडनावानं.

अष्टमीला पहाटेच मी आणि आई देवळात गेलो. सोळा नंबरच्या घरच्या बाईंकडून मी तेलाची बुधली घेतली. वात सारताना आईनं माझं कोपर धरलं. देवीच्या पायांवर मी बोट टेकवलं. आईला खुणावलं, तू पण. तिनं पदर खोचला, पुढे झाली, आणि मग नुसतीच बघत राहिली. “असू दे,” ती म्हणाली. “आज बघते.” भिंतीशी टेकून बसली ती हलली नाही.

माळा झाल्या. साडेनऊच्या सुमाराला शैलाताई आल्या, जरीची साडी, नाकात नथ, मागे पल्लवी. “मी जरा दिव्यापाशी बसते हं,” म्हणाल्या. “त्या येतीलच आता.” आणि बसताना त्यांनी माझ्या हाताशी ठेवलेली बुधली सहज उचलून आपल्या मांडीवर घेतली. सबनीसबाई सभामंडपात पाटावर बसून सगळं बघत होत्या.

मोहितेबाई आल्या. उंच, हाडापेरानं मजबूत, नऊवारी नेसलेल्या, हातात ओटीचं ताट.

“पाळी आज तुमचीच का?” त्यांनी शैलाताईंना विचारलं.

“हो ना. पवारांची,” शैलाताई म्हणाल्या. त्यात खोटं काही नव्हतं. मला कौतुक वाटलं.

“आणि या?”

“या आमच्याच. भावकीतल्या.” शैलाताईंनी माझ्याकडे बघून मान डोलावली. लांबून सबनीसबाईंनीही डोलावली. किती छान जमलं, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. माझी पाळी वाचली, पल्लवीचं लग्न वाचलं, देवी जागेवर राहिली. मी फक्त आहे तशी बसून राहायचं होतं. गप्प राहण्यासाठीच मला सगळे ओळखत होते.

मोहितेबाईंची नजर भिंतीकडे गेली. आईचं गोंदण, पायातले चांदीचे वाळे, कनवटीची तंबाखूची चंची.

“आणि या आजी?”

शैलाताईंनी क्षणभर विचार केला. “त्या होय? त्या यांच्याकडे कामाला असतात.”

आईला मराठी येतं. चांगलं येतं. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. दिव्याकडेच बघत राहिली.

“ती माझी आई आहे,” मी म्हणाले. “आम्ही पारधी. यांची आमची भावकी नाही, आडनाव तेवढं एक आहे. पाळी माझी आहे.” आणि शैलाताईंच्या मांडीवरची बुधली उचलून घेतली. तेल थोडं जरीवर सांडलं. ते मुद्दाम नव्हतं. असं मी देवीला सांगून ठेवलं आहे.

सभामंडपात कुणीतरी घंटेला हात लावला होता, तो तसाच राहिला.

“पेपरात आलाय तो पवार...” मोहितेबाई म्हणाल्या.

“आमच्यातला.”

“तुमचा कोण?”

“कुणी नाही.”

“लाज नाही वाटत?”

“त्याला वाटायला हवी.”

मोहितेबाईंनी मला नीट न्याहाळलं. मग शैलाताईंना, नथीपासून तेलाच्या डागापर्यंत. मग ताट घेऊन आईसमोर उभ्या राहिल्या. दिव्यापाशी मी बसलेले, म्हणजे ओटी माझ्याच हातून देवीला जायची. ते त्यांना पटावं की न पटावं, हे ठरत नव्हतं.

“आजी, तुमच्यात ओटी चालते का?” त्यांनी जरा वरूनच विचारलं.

आईनं ताटात डोकावून पाहिलं. “चालते की,” ती म्हणाली. “आम्ही खडे काढून आणतो.”

मोहितेबाईंनी ताट उजेडात धरलं. खडे होते. चांगले डोळ्यांना दिसण्याएवढे. त्या खाली बसल्या, आईच्या शेजारी, आणि तांदूळ निवडायला लागल्या. थोड्या वेळानं आईनंही हात घातला. ताट माझ्याकडे आलं तेव्हा अकरा वाजून गेले होते.

पल्लवीचं लग्न झालं, माघात. मोहितेबाईंनी शैलाताईंना भावकीबद्दल पुढे काही विचारलं की नाही, मला माहीत नाही. पत्रिका आम्हाला आली नाही. टपालात गहाळ झाली, असं शैलाताई सांगत होत्या. त्या चोराला शिक्षाही झाली; ती त्यानं एकट्यानंच भोगली.

पुढच्या वर्षी महिला मंडळानं ठराव केला. ओळीनं पाळी द्यायची पद्धत बंद. त्यात म्हणे देवीच्या इच्छेला जागा राहत नाही. तेव्हापासून घटस्थापनेच्या आदल्या दिवशी पेटीत चिठ्ठ्या टाकतात आणि नऊ काढतात. या गोष्टीला चौदा वर्षं झाली. आई जाऊन सहा. शैलाताईंचा नंबर सात वेळा निघाला. माझा अजून निघायचा आहे.

मागच्या वर्षी मी सबनीसबाईंना म्हटलं, “एकदा पेटी उघडून चिठ्ठ्या मोजू या का?”

त्या दुखावल्या. “हे काय, सुभद्राताई? तुम्ही एवढ्या भाविक, आणि देवीवर विश्वास नाही तुमचा?”

“देवीवर आहे,” मी म्हणाले.